‘इथे नाही’ म्हणजे किती नाही?

विमान बेपत्ता झाल्याचा निरोप आला की आमच्या डोंगरी शोध-बचाव पथकातली नवी मुलं आधी रोप आणि हार्नेस सॅकमध्ये कोंबतात. जुनी माणसं दुर्बीण शोधतात आणि वायरलेसच्या बॅटऱ्या चार्ज आहेत का ते बघतात. कड्यावर अडकलेल्या गिर्यारोहकाला उतरवायचं असेल तर तो कुठे आहे हे निदान माहीत असतं. इथे सगळं घोडं ‘कुठे’वरच अडलेलं असतं, आणि त्याचं उत्तर चालून, थांबून, मागे वळून, परत बघूनच काढावं लागतं.

त्या संध्याकाळी मिळालेली माहिती मोजकी होती. एका इंजिनाचं चार आसनी पांढरं विमान, आत वैमानिक आणि त्याचा मित्र. डोंगररांग ओलांडून पलीकडच्या धावपट्टीवर उतरायचं होतं, उतरलं नाही. टाकीतलं इंधन संपण्याची वेळ उलटून गेली होती. आसपासच्या लहानमोठ्या सगळ्या धावपट्ट्यांवर फोन करून झाले होते. हे फोन आधी करावेच लागतात, कारण हवा बिघडली म्हणून भलतीकडेच उतरलेला आणि घरी कळवायचं विसरून निवांत झोपलेला वैमानिक काही दुर्मीळ नसतो.

बेसवर पोहोचल्यावर प्रत्येकाने विचारलेला पहिला प्रश्न एकच: बीकन वाजतोय का? वाजत नव्हता.

बीकन, म्हणजे ईएलटी, ही विमानाच्या मागच्या भागात बसवलेली लहानशी पेटी. जोराचा धक्का बसला की तिच्यातला स्विच आपोआप चालू होतो आणि ४०६ मेगाहर्ट्‌झवर सांकेतिक संदेश जाऊ लागतो. कोस्पास-सारसॅट या आंतरराष्ट्रीय यंत्रणेचे उपग्रह तो टिपतात आणि विमान कोणतं, हेही त्यातून कळतं. जोडीला १२१.५ मेगाहर्ट्‌झवर एक क्षीण सिग्नल असतो, जवळ आलेल्या शोधकांना दिशा कळावी म्हणून. पूर्वी उपग्रह हाही ऐकत असत. १ फेब्रुवारी २००९ पासून ते बंद झालं. विमानात जुनी, फक्त १२१.५ची पेटी असेल तर आता ती ऐकणार वरून जाणारं एखादं विमान, किंवा रिसीव्हर घेऊन जवळपास पोहोचलेले आम्ही. या विमानात नवी पेटी होती, तरी शांतता. जुन्या माणसांना याचं फारसं आश्चर्य वाटलं नाही. धडकेत अँटेना मोडते, केबल उपटली जाते, पेटी जळते, किंवा विमान असं उलटतं की अँटेना मातीत रुतते. उलट नुसतं दणकून लँडिंग झालं तरी हीच पेटी बोंब ठोकते. जगभरात येणारे बहुसंख्य इशारे अशा खोट्या हाकाच असतात.

मग उरतो नकाशा.

रडारवरचा शेवटचा ठिपका खिंडीच्या बराच अलीकडे होता. त्याचा अर्थ विमान तिथे पडलं असा होत नाही. तिथून पुढे ते इतकं खाली होतं की मधल्या धारेमुळे रडारला दिसेना, एवढाच. मित्राच्या फोनने शेवटचा संपर्क एका टॉवरशी साधला होता, तोही जपूनच घ्यायचा, कारण हवेतला फोन कितीतरी लांबचा टॉवर पकडू शकतो. हवामानाची नोंद मात्र बोलकी होती. दुपारनंतर खिंडीवर ढग बसले होते आणि वारा आडवा, जोराचा होता.

डोंगरातल्या विमान अपघातांची एक ठरावीक रीत आहे आणि ती माहीत असली की पाय कुठे वळवायचे ते कळतं. ढग बघून वैमानिक खिंड सोडतो आणि शेजारच्या मोकळ्या दिसणाऱ्या दरीत शिरतो. दरी पुढे अरुंद होत जाते, तळ विमानापेक्षा वेगाने चढत जातो, आणि लक्षात येईपर्यंत वळायला जागा उरलेली नसते. किंवा धारेच्या वाऱ्याआडच्या बाजूला हवा खाली कोसळत असते आणि इंजिनाची सगळी ताकद लावूनही विमान वर जात नाही. स्टीव्ह फॉसेट हा विक्रमी वैमानिक ३ सप्टेंबर २००७ रोजी नेवाडातून उडाला आणि सिएरा नेवाडा पर्वतात गेला, त्या अपघाताचं कारण तपास यंत्रणेने असेच खाली येणारे वारे दिलं. तिसरी शक्यता ढगात शिरण्याची. उपकरणांवर उडवायचं शिक्षण नसलेल्या वैमानिकाला क्षितिज दिसेनासं झालं की काय होतं, याचा १९५४ साली इलिनॉय विद्यापीठात २० जणांवर प्रयोग झाला होता. विमानावरचा ताबा सुटायला सरासरी १७८ सेकंद लागले. तीन मिनिटंसुद्धा नाहीत.

त्यामुळे अवशेष बरेचदा धारेच्या अगदी खाली, माथा हाताशी आला असं वाटावं अशा जागी सापडतात. नवखी माणसं दरीचा तळ धुंडाळत बसतात.

रात्री आमच्या समन्वयक बाईंनी डोंगराचे पाच सेक्टर आखले आणि अनुभवी पाचसहा जणांना एकेक कागद दिला. एकमेकांशी बोलायचं नाही. प्रत्येकाने १०० गुण सेक्टरांमध्ये वाटायचे, जिथे विमान असण्याची शक्यता जास्त तिथे जास्त. दोन अटी. कुठल्याही सेक्टरला शून्य द्यायचं नाही, आणि ‘नकाशाबाहेर’ या सहाव्या खान्यालाही काहीतरी द्यायचं, म्हणजे आपला सगळा अंदाजच चुकला असेल तर त्याचीही सोय हवी. बोलू न देण्यामागे कारण आहे. चर्चा झाली की सगळ्यात मोठा आवाज असलेल्या माणसाचा सेक्टर जिंकतो.

सरासरी निघाली ती सोप्या आकड्यांत सांगतो. खिंडीच्या पूर्वेची सोंड ४०. पश्चिमेची घळ २०. बाकी तीन सेक्टर प्रत्येकी १० आणि नकाशाबाहेर १०.

आमच्या टीमच्या वाट्याला घळ आली.

घळ म्हणजे खाली दाट झाडी, मध्ये घसारा, वर काळा कातळ आणि त्याच्या खाचांमध्ये उरलेल्या जुन्या बर्फाची ठिगळं. पांढरं विमान शोधायला याहून वाईट जागा नाही. झाडीत आम्ही एका ओळीत चालत होतो, शेजाऱ्याचा आवाज येईल आणि मधली जमीन दोघांनाही दिसेल इतक्या अंतरावर. अशा ओळीत चालताना तीन गोष्टी सारख्या कराव्या लागतात. वर बघायचं, कारण विमान आधी शेंड्यांना लागतं आणि ताजा तुटलेला शेंडा आत फिका दिसतो. ठराविक अंतराने मागे वळून बघायचं, कारण चढताना जी वस्तू दगडाआड असते ती उतरत्या नजरेला दिसते. आणि वास घ्यायचा. सांडलेलं इंधन नाकाला बरंच लांबून कळतं, पहिल्या दिवसांत तरी.

रिसीव्हर माझ्याकडे होता. तो छातीशी धरून जागच्या जागी हळूहळू गोल फिरायचं. आपल्या शरीराने सिग्नल अडतो, म्हणून आवाज सगळ्यात बारीक होतो तेव्हा बीकन आपल्या पाठीमागे असतो. फार जवळ गेल्यावर आवाज सगळीकडून सारखाच येतो, तेव्हा फ्रिक्वेन्सी मुद्दाम थोडी सरकवायची. कड्यांवरून सिग्नल परावर्तित होतो आणि समोरच्या रिकाम्या भिंतीकडे बोट दाखवतो, म्हणून एकाच जागेवरून निष्कर्ष काढायचा नाही. हे सगळं शास्त्र मी पाठ म्हणू शकतो. त्या दिवशी रिसीव्हरमधून नुसती खरखर आली.

घसाऱ्याच्या वर गेलो तेव्हा ढग उतरला. कातळाच्या पायथ्यापर्यंत जेमतेम दिसत होतं. तिथे तासभर थांबलो, ढग हलला नाही, आणि अंधाराआधी झाडीच्या खाली यायचं होतं म्हणून परतलो.

बेसवर आल्यावर फॉर्म भरायचा असतो. चाललेला जीपीएस ट्रॅक जोडायचा, आणि शेवटच्या रकान्यात लिहायचं: विमान या सेक्टरमध्ये असतंच, तर ते तुम्हाला दिसलं असतं याची शक्यता किती टक्के? इथे पथकांचा खरा कस लागतो. दिवसभर काट्याकुट्यांतून चढून, गुडघे सोलून आलेल्या माणसाला हा रकाना अपमानासारखा वाटतो. आमच्यातला एक तरुण गडी बोललाच, ‘सत्तर तरी लिहा. अख्खी घळ पालथी घातली आपण.’

टीम लीडरने पेन खाली ठेवलं. ‘कातळाखालची ठिगळं तुला दिसली?’

‘ढग होता ना.’

‘मग ती अजून बघायचीच आहेत. तीस लिहितोय.’ आणि शेरा म्हणून खाली जोडलं: वरचा एक तृतीयांश भाग ढगात, पाहिला नाही.

पोरगं नाराज झालं. मला लीडरचं पटत होतं, पण तीस म्हणजे जरा जास्तच नम्रपणा झाला असंही वाटलं होतं, हे खरं.

आता तो आकडा काय करतो ते बघा. पूर्वेच्या सोंडेवर हेलिकॉप्टर आणि दोन पथकं फिरली, हवा स्वच्छ होती, त्यांनी ७० टक्के दिले. म्हणजे तिथल्या ४० पैकी २८ निकालात निघाले, १२ उरले. आमच्या घळीच्या २० पैकी ३० टक्के म्हणजे ६ गेले, १४ उरले. सगळे मिळून उरले ६६, आणि त्यांना पुन्हा शंभर धरायचं. घळ २१ टक्क्यांवर आली, सोंड १८ वर, बाकीचे खाने १५ वर. दुसऱ्या दिवशी घळ यादीत सर्वांत वर. लीडरने त्या पोराचं ऐकून ७० लिहिले असते तर घळीत उरले असते फक्त ६, एकूण उरले असते ५८, आणि घळ १० टक्क्यांवर, म्हणजे सगळ्यांच्या तळाला गेली असती. सोंड २१ वर, बाकीचे चारही खाने १७ वर असते आणि सगळी माणसं तिकडे पांगली असती.

हे गणित पथकांनी शोधलेलं नाही. १९६८ मध्ये अटलांटिकमध्ये बुडालेली अमेरिकेची स्कॉर्पियन पाणबुडी याच पद्धतीने शोधली गेली. १ जून २००९ रोजी समुद्रात पडलेलं एअर फ्रान्सचं ४४७ क्रमांकाचं विमान जवळजवळ दोन वर्षं मिळत नव्हतं. ब्लॅक बॉक्सचे बीकन ज्या भागात ऐकू आले नाहीत तो भाग रिकामा धरला गेला होता. नंतर संख्याशास्त्रज्ञांनी हिशेब पुन्हा मांडला, त्यात बीकन मुळात वाजलेच नसतील ही शक्यता धरली, आणि एप्रिल २०११ मध्ये विमान सापडलं ते शेवटच्या ज्ञात ठिकाणापासून फार लांब नव्हतं.

दुसऱ्या दिवशी घळीत जायचं ठरलं आणि वाऱ्याने जाऊ दिलं नाही. हेलिकॉप्टर तर उडालंच नाही. दरम्यान इतर सेक्टर चालूच होते, आणि एकदा वायरलेसवर ‘धातू दिसतोय’ ऐकून बेसवरचे सगळे उभे राहिले. समन्वयक बाईंनी शांतपणे जुन्या अवशेषांची यादी काढली. तो कित्येक वर्षांपूर्वीचा, तिथेच सोडून दिलेला सांगाडा निघाला. डोंगराळ भागात अशी यादी ठेवावीच लागते, नाहीतर दर मोहिमेत तेच विमान नव्याने सापडतं. फॉसेटच्या शोधात तर आधी कुणाला माहीत नसलेले जुने अवशेष सापडले होते, पण त्याचं विमान नाही. ते कुठे आहे हे वर्षभराने, २००८ च्या शरद ऋतूत, एका पदभ्रमण करणाऱ्या माणसाला त्याची ओळखपत्रं मिळाली तेव्हा उमगलं.

एक मेंढपाळ बेसवर आला. त्या दुपारी आवाज ऐकल्याचं म्हणाला. अशा साक्षीदाराला ‘किती वाजता’ विचारून उपयोग नसतो. आमच्यातल्या एका काकांनी त्यांना बसवलं आणि विचारलं, ‘दादा, त्या आधी तुम्ही काय करत होता? आणि नंतर?’ मेंढरं पाण्यावर नेली होती, परत वळवताना आवाज आला, नंतर पावसाचे थेंब आले. पावसाची वेळ नोंदीत होती, ती रडारच्या शेवटच्या ठिपक्याशी जुळत होती. दिशा मात्र त्यांनी पूर्वेकडे दाखवली. दरीत आवाज भिंतींवरून फिरतो, म्हणून वेळ घेतली आणि दिशेवर फार भर दिला नाही. इंजिन ‘फुटफुट करत होतं का’ असं कुणीही विचारायचं नसतं. विचारलं की साक्षीदाराला तसंच आठवायला लागतं.

हवा उघडल्यावर आम्ही घळीत खालून न चढता धारेवरून उतरलो. वरून बघितल्यावर बर्फाची ठिगळं वेगळीच दिसतात. सगळ्यांच्या कडा वितळून वेड्यावाकड्या झालेल्या. दुर्बिणीतून एकेक ठिगळ बघत गेलो. एका ठिगळाची कड सरळ होती. दगड सरळ फुटू शकतो, म्हणून दुर्बीण दगडावर टेकवून पुन्हा बघितलं. सरळ कडेलगत बारीक ठिपक्यांची एक ओळ होती, सारख्या अंतरावर. रिव्हेट. पंखाचा तुकडा होता तो, आदल्या फेरीत आम्ही ढगात उभे होतो तिथून फार वर नाही.

त्या तरुण गड्याने वायरलेस उचलला आणि लीडरने त्याच्या हातावर हात ठेवला. सापडल्याचं उघड्या चॅनलवर बोलायचं नाही, ठरलेला सांकेतिक शब्दच वापरायचा. बेसवर नातेवाईक बसलेले असतात आणि वायरलेस कोण कोण ऐकतंय ते सांगता येत नाही.

पुढे पळत जायचं नसतं. बेसने आधी या मॉडेलला पॅराशूट आहे का ते तपासून सांगितलं. काही लहान विमानांत अख्खं विमान तोलणारं पॅराशूट असतं आणि ते उडवायला घन इंधनाचं रॉकेट. अपघातात ते उडालं नसेल तर अवशेषांत हात घालणाऱ्या माणसाच्या जिवावर बेततं. या विमानात ते नव्हतं. तरी इंधन, बॅटरी आणि फाटलेला पत्रा असतोच. प्रथमोपचाराची जाणकार एकटी पुढे गेली, जिवंत कुणी आहे का एवढंच बघायला. ती बराच वेळ तिथे होती. मग तिने आमच्याकडे बघून मान हलवली.

त्यानंतर जागा तपास अधिकाऱ्यांची. माणूस वाचवण्यासाठी काहीही हलवता येतं. वाचवायला कुणी नसेल तर काहीही हलवायचं नाही. कॉकपिटमधला एकेक स्विच कुठल्या बाजूला आहे, प्रोपेलरची पाती कशी वाकली आहेत, कातळावर पहिला ओरखडा कुठे आहे, यावरून इंजिन चालू होतं की बंद, विमान वळत होतं की सरळ येत होतं, ते त्यांना वाचता येतं. आम्ही फोटो काढले, आपल्याच पावलांच्या वाटेला फीत बांधली आणि पहारा ठेवला. बीकनची पेटी जागेवर शाबूत होती. तिच्यातून निघणारी केबल तुटलेली होती. खिशातला स्वतंत्र बीकन, जो अंगावर ठेवता येतो, तो दोघांपैकी कुणाकडेही नव्हता. छोट्या विमानातून डोंगरावर जाणाऱ्या ओळखीच्या प्रत्येकाला मी तेवढं एक घ्यायला सांगतो. भिडस्तपणा न करता सांगतो.

दोघांना खाली आणायचं काम नंतर झालं, तपासाची परवानगी मिळाल्यावर, रोप लावून. त्याबद्दल फार लिहीत नाही.

मित्राचा मोठा भाऊ सगळा वेळ बेसवर होता. सगळं आटोपल्यावर त्याने समन्वयक बाईंना गाठलं. आम्ही जवळच सामान आवरत होतो. ‘मॅडम, ही टीम पहिल्याच दिवशी त्या घळीत गेली होती ना?’

‘हो.’

‘मग तेव्हा का नाही सापडलं?’

बाईंनी समजूत घातली नाही. नकाशा उलगडला, आमचा ट्रॅक दाखवला, ढगाची रेघ कुठे होती ते दाखवलं आणि फॉर्मवरचा शेरा वाचून दाखवला. त्याने तो स्वतः पुन्हा वाचला. मग विचारलं, ‘पहिल्याच दिवशी सापडला असता तर तो...?’

‘ते डॉक्टर सांगतील,’ बाई म्हणाल्या. ‘मला ते माहीत नाही आणि मी अंदाजाने सांगणार नाही. पण तुम्ही त्यांना विचाराच. मी तुमची गाठ घालून देते.’

त्यांनी गाठ घालून दिली. डॉक्टरांनी त्याला काय सांगितलं ते आम्हाला कळलं नाही, आणि ते आम्हाला कळायचं कारणही नव्हतं. त्याने जाताना त्या फॉर्मची प्रत मागितली. तपास संपेपर्यंत कागद देता येत नाहीत म्हणून बाईंनी त्याचा पत्ता लिहून घेतला आणि पुढे ती पाठवली.

पथकाच्या बैठकीत यावर बराच वाद झाला. काहींचं म्हणणं होतं की नातेवाइकांना असे कच्चे कागद दाखवू नयेत; तीस टक्के वाचून त्यांना वाटणार की आपण काम अर्धवट केलं. आमचा तरुण गडी दाखवावेत म्हणणाऱ्यांच्या बाजूने होता. मतदान झालं नाही, आणि आजही दोन्ही मतांचे लोक पथकात आहेत. त्याच्या पुढच्या मोहिमेत फॉर्म भरायचं काम त्याच्याकडे आलं. हवा स्वच्छ होती, सेक्टर उघडा होता, आणि त्याने पंच्याऐंशी लिहिले. लीडरने फक्त विचारलं की नाल्याच्या पलीकडची कपार बघितली का. त्याने बघितली होती.